डाएट चालू असताना सॅलडवर तेल किती घालावं, आणि बाकी काय घालावं
(लाकडी घाण्याच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

वजन कमी करायचं ठरलं की पहिली कुऱ्हाड तेलावर पडते. ताटात काकडी-टोमॅटोच्या नुसत्या चकत्या येतात आणि आठ दिवसांत त्या नकोशा होतात. दुसरं टोकही रोज दिसतं: सॅलड वाडगाभर, पण त्यावर मेयोनीजचे दोन मोठे चमचे, नाहीतर ‘घाण्याचं आहे, चालतं’ म्हणून तेलाची सढळ धार.

तेल आम्हीच विकतो, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. घाण्याच्या तेलात कॅलरी कमी नसतात. शेंगदाणा, करडई, तीळ, ऑलिव्ह, रिफाइंड, कुठलंही तेल घ्या, एका ग्रॅमला ९ कॅलरी. चहाच्या चमच्यानं (५ मिली) साधारण ४० आणि मापाच्या मोठ्या चमच्यानं (१५ मिली) साधारण १२०. ऑलिव्ह तेलाच्या बाटलीवरचं ‘लाइट’ हेसुद्धा रंग आणि वासाबद्दल असतं, कॅलरीबद्दल नाही.

मग घाण्याचं तेल कशाला? वासासाठी. रिफाइंड करताना तेलाचा वास मुद्दाम काढून टाकतात, घाण्याच्या तेलात तो शाबूत असतो. सॅलडवर तेल कच्चंच पडतं, त्यामुळे तो उडूनही जात नाही. जिथे बिनवासाचं तेल तीन चमचे घातलं तरी नुसता तेलकटपणा येतो, तिथे एका चमच्यात शेंगदाण्याची चव कळते. डाएटमध्ये उपयोग आहे तो एवढाच, पण तो खरा आहे.

तेल अजिबात बंद करू नका, हेही सांगायला हवं. गाजर, टोमॅटो, पालक यांतलं कॅरोटीन अंगी लागायला जेवणात थोडा स्निग्धांश लागतो. माणशी एक चहाचा चमचा सॅलडला पुरतो. फक्त तो मोजून घ्या, बाटलीतून थेट ओतू नका. घरातले चहाचे चमचे सारख्या मापाचे नसतात. वजनकाटा असेल तर आपल्या चमच्यानं दहा चमचे पाणी वाटीत मोजा. ५० ग्रॅम भरलं तर चमचा ५ मिलीचा. ७० भरलं तर आजवर ‘एक चमचा’ समजून तुम्ही जवळजवळ दीड घालत होतात.

नुसतं तेल कमी केलं की का बिघडतं

फ्रेंच पद्धतीच्या साध्या ड्रेसिंगचं जुनं प्रमाण तीन भाग तेल, एक भाग व्हिनेगर असं आहे. दोघांच्या सॅलडला तीन मोठे चमचे तेल म्हणजे जवळपास ३७० कॅलरी फक्त ड्रेसिंगच्या. यातलं तेल कापून बाकी तसंच ठेवलं तर आंबटपणा घशाला लागतो, कारण त्याची धार तेलच बोथट करत असतं. शिवाय पातळ रस भाजीवर टिकत नाही, वाडग्याच्या तळाशी जाऊन बसतो.

म्हणून तेल काढलं की त्याची दोन कामं दुसऱ्या कोणावर तरी सोपवावी लागतात. आंबटपणा सौम्य करायला थोडं पाणी आणि चिमूटभर साखर. भाजीला धरून राहायला काहीतरी दाट: फेसलेली मोहरी, चक्का किंवा कूट. मोहरीचा मान पहिला, कारण ती दाटपणाही देते, तेल आणि लिंबाचा रस एकत्र धरून ठेवते आणि वर नाकात झिणझिण्याही आणते.

फेसलेल्या मोहरीचं ड्रेसिंग (दोघांसाठी, २५० ग्रॅम भाजीला)

मोहरीची डाळ किंवा ताजी पूड १ चहाचा चमचा, गार पाणी २ चमचे, लिंबाचा रस ४ चमचे (मध्यम कागदी लिंबू रसरशीत असेल तर एक पुरतं), आणखी पाणी २ चमचे, मीठ पाव चमचा, साखर अर्धा चमचा, घाण्याचं शेंगदाणा किंवा तीळ तेल २ चमचे.

मोहरी गार पाण्यात कालवा आणि चमच्यानं घोटत राहा. दोनेक मिनिटांत ती फिकट आणि फेसाळ होते, वाटीवर नाक नेलं की झणका लागतो. आता दहा मिनिटं तिला हात लावू नका. नंतर मीठ, साखर आणि लिंबू घाला. सगळ्यात शेवटी उरलेलं पाणी आणि तेल घालून झाकणाच्या लहान बाटलीत अर्धा मिनिट जोरात हलवा. माणशी साधारण ५० कॅलरी होतात.

दहा मिनिटांची ही वाट टाळता येत नाही. मोहरी अख्खी असते तेव्हा तिला वास नसतो. ती फुटून पाणी लागलं की तिच्यातलं एन्झाइम कामाला लागतं आणि तिखट तेल तयार होतं. कढत पाणी घातलं तर ते एन्झाइमच मरतं. लिंबू आधी घातलं तर त्याचं काम मंदावतं. दोन्ही वेळा हाती येते ती कडवट, बिनझणक्याची मोहरी. उलट झणका चढल्यावर लिंबू घातलं की तो बराच वेळ टिकतो. मिक्सरमध्ये फेसायची असेल तर थांबत-थांबत फिरवा. भांडं तापलं की कडवटपणा येतो. एवढ्याशा मोहरीला खरं तर वाटी-चमचाच बरा.

हे ड्रेसिंग कोबी, गाजर, काकडी, कच्ची पपई, मोड आलेले मूग यांना छान लागतं. लेट्यूससारख्या नाजूक पानांना मोहरी अर्धीच घ्या.

मेयोनीजच्या जागी चक्का

नेहमीच्या मेयोनीजमध्ये १०० ग्रॅमला ६८० ते ७०० कॅलरी असतात, कारण त्याचा तीन चतुर्थांश भाग तेलच असतं. बिनअंड्याच्या मेयोनीजचे आकडे कंपनीगणिक फार बदलतात, ते बाटलीवरच पाहावे. गाईच्या दुधाच्या दह्याचा चक्का १०० ग्रॅमला साधारण १०० कॅलरीत बसतो. म्हशीच्या सायीच्या दह्याचा चक्का याच्या दीड ते दुप्पट, म्हणून दही लावताना दुधावरची साय काढून घ्या.

४०० ग्रॅम दही पंचात बांधून, चाळणीत ठेवून, चाळण पातेल्यावर ठेवा आणि हे सगळं फ्रिजमध्ये. तीन-चार तासांत साधारण २०० ग्रॅम चक्का होतो. उन्हाळ्यात ओट्यावर टांगू नका, पाणी गळेपर्यंत दही आंबून जातं, आणि मग तो आंबटपणा मारायला साखर घालत बसावं लागतं. खाली जमलेलं पाणी टाकू नका, कणीक भिजवायला घ्या.

१०० ग्रॅम चक्क्याला फेसलेली मोहरी अर्धा चमचा, ठेचलेली लसणाची एक लहान पाकळी, भाजलेल्या जिऱ्याची पूड पाव चमचा, मिरपूड आणि करडईचं तेल १ चमचा. सैल करायला दोन-तीन चमचे दूध. हे चमच्यानं फेटा, मिक्सरला लावू नका. मिक्सरमध्ये चक्क्याची बांधणी मोडते आणि तो लस्सीसारखा पातळ होतो, मग कितीही वेळ फ्रिजमध्ये ठेवा, पुन्हा घट्ट होत नाही. मीठ वाढायच्या वेळीच घाला. आधी घातलं तर चक्क्यालाही पाणी सुटतं.

उकडलेला बटाटा, बीट, मक्याचे दाणे, सँडविच, जिथे जिथे मेयोनीज लागतं तिथे हे चालतं. फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं, लसूण न घालता तीन.

कुटाचं गणित

दाण्याचं कूट घातलं की कोशिंबीर खमंग होते यात वाद नाही. पण मूठ-मूठ घातलेलं कूट डाएटवाल्यांच्या हिशेबात कुठेच धरलेलं नसतं. कुटाचा एक मोठा चमचा (साधारण ८ ग्रॅम) म्हणजे ४५ कॅलरी. म्हणजे तो तेलाच्या एका लहान चमच्याएवढाच पडला. कूट घातलं त्या दिवशी तेल वगळा, दोन्ही नको.

कमी कुटात जास्त चव हवी असेल तर ते कोरडं भुरभुरवू नका. दोघांसाठी दोन मोठे चमचे कूट तीन मोठे चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा. मग हिरवी मिरची, लिंबाचा रस ३ चहाचे चमचे आणि मीठ घालून गुळगुळीत वाटा. पळीवाढं दाट ड्रेसिंग होतं आणि प्रत्येक फोडीला लागतं. दाणे मंद आचेवर भाजलेले हवेत. मोठ्या आचेवर साल करपतं, आत दाणा कच्चा राहतो आणि ड्रेसिंगला कडवट-कच्चट चव येते. तिळाचंही याच पद्धतीनं करा, कॅलरी जवळपास तेवढ्याच.

फोडणी

आपल्याकडची फोडणी हे कमी तेलाचं ड्रेसिंगच आहे, फक्त आपण तेल जास्त घेतो. हिंग, जिरं, कढीपत्ता यांचा वास तापल्या तेलात उतरतो, म्हणून थोडं तेल पुष्कळ चव वाहून नेतं. चौघांच्या कोशिंबिरीला २ चहाचे चमचे तेल पुरतं, अट एकच: भांडं लहान हवं. मोठ्या कढईत एवढं तेल पसरून जातं, मोहरी त्यात बुडत नाही, काही तडतडते, काही जळते. फोडणीची लोखंडी पळी किंवा कढलं घ्या. मोहरी तडतडली की जिरं, मग हिंग, कढीपत्ता. हळद गॅस बंद केल्यावर. फोडणी ओतून झाली की चमचाभर कोशिंबीर पळीत घालून पळी पुसून घ्या. दोन चमच्यांतलं बरंचसं तेल पळीलाच चिकटून राहतं, हिंगासकट.

कोबीची पचडी, किसलेलं गाजर, चोचवलेली काकडी यांवर फोडणी गरम ओतली तरी चालते. हिरव्या पानांवर मात्र कोमट करून, नाहीतर पानं लगेच मरगळतात.

कोकणातलं कोकम आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घरात असेल तर लिंबाऐवजी २ चमचे आगळ आणि ४ चमचे पाणी घ्या. आगळात मीठ आधीच भरपूर असतं, वरून घालू नका.

बहुतेकांचं बिघडतं ते इथे

भाजी ओली राहते. धुतलेल्या पानांवर पाणी असेल तर ड्रेसिंग घसरून तळाला जातं आणि ‘कमी पडलं’ म्हणून आपण आणखी घालतो. पानं पंचावर पसरून, हलकी गुंडाळून कोरडी करा.

मीठ लवकर घातलं जातं. काकडी आणि टोमॅटोला मीठ लागलं की दहा मिनिटांत पाणी सुटतं. चोचवलेल्या काकडीचं पाणी आधीच पिळून घेतलं तर कोशिंबीर शेवटपर्यंत दाट राहते. ते पाणी ताकात जाऊ द्या.

डब्यात न्यायचं असेल तर ड्रेसिंग वेगळ्या लहान बाटलीत न्या. कोबी, गाजर, मोड आलेली कडधान्यं आधी कालवून नेली तरी चालतात, उलट मुरून चांगली लागतात. काकडी, टोमॅटो, लेट्यूस नाही. लिंबाचा रस त्याच दिवशीचा घ्या, पिळून ठेवलेला रस कडसर होतो.

आणि एक गोष्ट चवीची नाही, सुरक्षिततेची आहे: कच्चा लसूण तेलात घालून बाटली ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते, तिथे बोटुलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जंतू वाढू शकतात आणि वासावरून काही कळत नाही. लसणाचं ड्रेसिंग फ्रिजमध्येच ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.

विकतची बाटली घेताना

पुढच्या बाजूची जाहिरात सोडा, मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. पहिल्या तिनांत तेल किंवा साखर असेल तर ती बाटली हलकी नाही, नाव काहीही असो. ‘लो फॅट’ म्हणायचं तर घट्ट पदार्थात १०० ग्रॅमला ३ ग्रॅमपेक्षा आणि पातळ पदार्थात १०० मिलीला दीड ग्रॅमपेक्षा जास्त स्निग्धांश चालत नाही, असा एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम आहे. पण स्निग्धांश काढला की चवीसाठी साखर आणि मीठ वाढवलेलं असतं, ते ‘फॅट-फ्री’ या शब्दांत दिसत नाही. सोडियमच्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, आणि दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमची आहे. काळं मीठ आणि सैंधव यांनाही हाच हिशेब लागू. झँथन गम (आयएनएस ४१५) दिसला तर घाबरू नका, तेल कमी केल्यावर दाटपणासाठी तो घालतात.

रक्तदाब, मूत्रपिंड किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर मीठ, दही आणि कच्च्या भाज्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

कुठलं तेल घ्याल

शेंगदाणा: काकडी, कोबी, मूग. तीळ: गाजर, बीट, पालक. करडईचं तेल वासाला सौम्य, लसूण-लिंबाच्या आड येत नाही, म्हणून चक्क्याला तेच. मोहरीचं तेल तिखट असतं, त्याचा अर्धा चमचा पुरे. खोबरेल थंड सॅलडवर घेऊ नका: साधारण २४ अंशांखाली ते गोठतं आणि फ्रिजमधल्या काकडीवर पडलं की त्याचे पांढरे कण होतात. जवसाचं तेल फक्त कच्चं वापरा, तापवू नका, आणि फ्रिजमध्ये ठेवा.

सॅलडपुरतं तेल हवं असेल तर लिटर घेऊ नका. माणशी एक चमचा धरला तर दोघांना महिन्याला ३०० मिली लागतं. मोठी बाटली अर्धी होईपर्यंत करडई आणि जवस खवट होऊ लागतात. फ्रिजमध्ये ठेवलेलं शेंगदाणा तेल दाट झालं तर ते खराब नाही, पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. तळाचा गाळ शेंगदाण्याचाच असतो, बाटली न हलवता वरचं तेल वापरा. घाण्यावर घरची बाटली घेऊन येणार असाल तर ती धुऊन पूर्ण वाळवून आणा, गडद काचेची किंवा स्टीलची असेल तर उत्तम. आत थेंबभर पाणी राहिलं तरी तेल गढूळ होतं आणि लवकर वास मारतं.