शोषक पेशी (लहान आतडे)

शोषक पेशी : लहान आतड्याच्या आतील अस्तरातील उंच, स्तंभाकार पेशी. त्यांना एंटेरोसाइट असेही म्हणतात. अस्तरात सर्वांत जास्त संख्या याच पेशींची असते. पचनाचा अखेरचा टप्पा पुरा करणे आणि पचलेली द्रव्ये रक्तात किंवा लसीकेत (लिम्फ या शरीरद्रवात) पोचवणे ही दोन्ही कामे त्या करतात. पेशीला दोन बाजू असतात, एक आतड्याच्या पोकळीकडची व दुसरी रक्तवाहिन्यांकडची. या दोन बाजूंवरील प्रथिने एकसारखी नसतात, आणि तो फरक टिकून असतो म्हणूनच अन्नद्रव्ये एकाच दिशेने पुढे सरकतात.

रचना : आतड्याच्या अस्तरावर अर्धा ते एक मिमी. उंचीचे, बोटांसारखे असंख्य उंचवटे असतात. त्यांना व्हिलाय म्हणतात. त्यांची कल्पना येण्यासाठी सोलापूरकराला दूर जावे लागत नाही. येथील मागांवर विणल्या जाणाऱ्या टर्किश टॉवेलवर धाग्यांचे जे उभे वेढे असतात, त्यांच्यामुळे तेवढ्याच लांबीरुंदीच्या कापडाला पाणी टिपण्यासाठी कितीतरी अधिक पृष्ठभाग मिळतो. आतड्यातही तसेच घडते. ही उपमा मात्र यापुढे ताणता येत नाही, कारण टॉवेल पाणी नुसते धरून ठेवतो, तर शोषक पेशी घेतलेले द्रव्य पलीकडे पोचवते, त्यासाठी ऊर्जा खर्च करते आणि काय घ्यायचे याची निवडही करते.

प्रत्येक पेशीच्या पोकळीकडील बाजूवर सुमारे १ मायक्रोमीटर लांबीचे, संख्येने तीन हजारांच्या आसपास अतिसूक्ष्म तंतू दाटीने उभे असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते कुंचल्याच्या केसांसारखे दिसतात, म्हणून या पृष्ठाला कुंचला-किनार असे नाव पडले. आतडे पसरले तर टेनिसचे मैदान व्यापेल, असे जुनी पाठ्यपुस्तके सांगत आली. स्वीडनमध्ये झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार लहान आतड्याचे हे क्षेत्रफळ सुमारे ३० चौ. मी. भरते. टेनिसच्या मैदानाच्या मानाने ते फारच थोडे आहे, तरी एखाद्या मोठ्या खोलीएवढे आहेच. शेजारशेजारच्या पेशी वरच्या टोकाशी घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात. पेशींमधल्या फटीतून वाटेल ते झिरपू नये आणि एका बाजूची प्रथिने दुसऱ्या बाजूला सरकू नयेत, या दोन्ही गोष्टी हे सांधे सांभाळतात.

पिष्टाचे शोषण : ज्वारीच्या भाकरीतील मुख्य घटक पिष्ट आहे. लाळेतील आणि स्वादुपिंडाच्या रसातील अमायलेज त्याचे तुकडे करते, परंतु सुटे ग्लुकोज होईपर्यंत नव्हे. दोन-तीन ग्लुकोज-रेणू जोडलेल्या अवस्थेत आणि फांद्या असलेल्या लहान तुकड्यांत ते शिल्लक राहते. अखेरचा छेद देणारी माल्टेज-ग्लुकोअमायलेज आणि सुक्रेज-आयसोमाल्टेज ही विकरे कुंचला-किनारीतच रोवलेली असतात, त्यामुळे सुटा झालेला ग्लुकोज-रेणू लगेच पेशीच्या दारातच उपलब्ध होतो.

तो आत कसा जातो, हा आतड्याच्या शरीरक्रियाविज्ञानातील कदाचित सर्वांत सुंदर भाग आहे. रक्ताकडील बाजूवर असलेला पंप ऊर्जा खर्च करून दर फेरीत तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. त्यामुळे पेशीत सोडियम सतत कमी राहते आणि पोकळीतले सोडियम आत येऊ पाहते. त्याच्यासाठी उघडणाऱ्या दारांपैकी एक म्हणजे एसजीएलटी-१ हे वाहक प्रथिन. ते दोन सोडियम आयनांबरोबर एक ग्लुकोज-रेणू असेल तरच त्यांना आत सोडते. म्हणजे ग्लुकोज स्वतःहून शिरत नाही, सोडियमच्या ओढीबरोबर आत येते आणि दुसऱ्या बाजूच्या ग्लूट-२ या वाहकातून रक्तात उतरते. सोडियम आणि ग्लुकोज यांच्या या जोडप्रवासाची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडली.

मेदाचे शोषण : शेंगदाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मा भाग मेदाचा असतो. शेंगा, लाल तिखट आणि लसूण तेल सुटेपर्यंत कुटून केलेली सोलापुरी चटणी भाकरीबरोबर खाल्ली जाते, पण शोषक पेशीत दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. पित्त आणि लायपेज यांच्या क्रियेने मेदाचे मेदाम्ले व मोनोग्लिसराइड असे सुटे भाग होतात. ते पेशीत शिरले की पेशी त्यांना पुन्हा जोडते, त्यांभोवती प्रथिनाचे व फॉस्फोलिपिडांचे वेष्टन घालते आणि कायलोमायक्रॉन नावाचा कण तयार करते. हा कण केशवाहिनीत मावत नाही, म्हणून तो व्हिलायच्या मध्यभागी असलेल्या लसीकावाहिनीत उतरतो आणि छातीतून वर जाऊन मानेच्या मुळाशी डाव्या बाजूच्या शिरेत मिळतो. एकाच घासातल्या भाकरीचे ग्लुकोज आधी यकृताकडे जाते आणि चटणीचे तेल यकृताला वळसा घालून रक्तात येते.

या कणावरील एपोबी-४८ हे प्रथिन आणि यकृतात तयार होणारे एपोबी-१०० ही एकाच जनुकाची उत्पादने आहेत. शोषक पेशी जनुकाच्या आरएनए प्रतीतील एकच अक्षर बदलते, वाचन मध्येच थांबते आणि प्रथिन साधारण निम्म्या लांबीचे होते. प्रथिनांचे शोषण मुख्यतः दोन-तीन अमिनो आम्लांच्या तुकड्यांच्या रूपात होते. ते पेशीच्या आत सुटे होतात.

आयुर्मान : व्हिलायच्या पायथ्याशी खोल खाचा असतात. त्यांच्या तळाशी असलेल्या मूलपेशी सतत विभागत राहतात. नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००७ साली एलजीआर-५ या खुणेवरून त्या ओळखल्या. नवी पेशी वर सरकत शेंड्याला पोचते आणि तीन ते पाच दिवसांत गळून पडते. या अल्पायुष्याचा शरीर उपयोगही करून घेते. पेशीत शिरलेले लोह गरजेचे नसेल, तर यकृतातील हेप्सिडिन हे संप्रेरक त्याची रक्ताकडची वाट बंद करते. लोह पेशीतच साठून राहते आणि पेशीबरोबर निघून जाते. ज्वारीतील फायटेट मात्र त्याआधीच, पोकळीत असतानाच लोहाला बांधून ठेवते.

त्याच मूलपेशींपासून इतर पेशीही होतात. चषक पेशी श्लेष्म स्रवतात आणि संप्रेरक पेशी जेवणाची वर्दी स्वादुपिंडाला व पित्ताशयाला देतात. योझेफ पानेट यांनी १८८८ मध्ये वर्णिलेल्या पेशी वर न जाता खाचेच्या तळाशी राहतात, जंतुनाशक प्रथिने सोडतात आणि काही आठवडे जगतात.

पटकी आणि जलसंजीवनी : एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रांचा आणि पटकीच्या साथींचा संबंध वारंवार दिसून आला, आणि गावोगावी मरीआईला साकडे घातले जाई. या रोगात शोषक पेशी मरत नाहीत, हे बराच काळ माहीत नव्हते. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली पटकीच्या जंतूंच्या वाढीतून जंतू गाळून काढल्यावर उरलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी साठते हे दाखवून विषाचे अस्तित्व सिद्ध केले. हे विष पेशीतील एक कळ दाबून ठेवल्यासारखे करते. क्लोराइड, मुख्यतः खाचांतील पेशींमधून, बाहेर पडत राहते आणि त्यामागे सोडियम व पाणी जाते. एसजीएलटी-१ ला मात्र धक्का लागत नाही. म्हणून नुसते मिठाचे पाणी दिले तर ते शोषले जात नाही, पण त्यात योग्य प्रमाणात ग्लुकोज असेल तर सोडियम आत येते आणि पाणीही येते. पश्चिम बंगालमधील बोनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत १९७१ साली डॉ. दिलीप महालनबीस यांनी या द्रावणाचा वापर केला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. घरी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून केलेले पाणी उपयोगी पडते, कारण साखरेतले ग्लुकोज सुटे करणारे विकर पेशीच्या पृष्ठावर असते. साखर जास्त झाली तर उलट पाणी आतड्यात ओढले जाऊन जुलाब वाढतात.

सीलिॲक रोग : गहू, बार्ली व राय यांतील ग्लुटेनमुळे, आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या व्यक्तींत, प्रतिकारशक्ती शोषक पेशींवर उलटते. व्हिलाय सपाट होतात, शोषणाचे पृष्ठ घटते आणि कुंचला-किनारीवरील लॅक्टेज कमी झाल्याने दूधही पचेनासे होते. ग्लुटेन पूर्ण बंद केल्यावर अस्तर हळूहळू पूर्ववत होऊ शकते. ज्वारीत ग्लुटेन नसते, त्यामुळे मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी अशा रुग्णाला चालते. प्रश्न गिरणीचा उरतो : ज्या गिरणीत आधी गव्हाचे दळण झालेले असते, तिच्यात राहिलेले गव्हाचे पीठ ज्वारीच्या पिठात मिसळते, आणि अशा रुग्णाला त्रास व्हायला तेवढेही पुरते, म्हणून त्याचे दळण घरच्या जात्यावर किंवा फक्त ज्वारी-बाजरीसाठी राखलेल्या गिरणीत करून घ्यावे लागते.