हरित शालेय इमारत

हरित शालेय इमारत : जागा, ऊर्जा, पाणी, बांधकाम-साहित्य आणि वर्गातली हवा यांचा विचार आराखड्याच्या पहिल्या रेघेपासून करून बांधलेली आणि बहुधा एखाद्या मानांकन संस्थेकडून तपासून घेतलेली शाळेची इमारत. ‘हरित शाळा’ हे नाव भारतात आणखी एका उपक्रमासाठी रूढ आहे. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राच्या त्या कार्यक्रमात विद्यार्थीच आपल्या शाळेतील हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी व कचरा यांचा हिशेब मांडतात. तो शाळेच्या वागणुकीचा ताळेबंद आहे. प्रस्तुत नोंदीत इमारतीचा आराखडा आणि तिचे प्रमाणन यांचाच विचार केला आहे.

उगम : या कल्पनेचा आरंभ कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथे १९०४ मध्ये निघालेल्या वनशाळेपर्यंत मागे नेतात. ती प्रकृतीने नाजूक मुलांसाठी होती आणि तिचा हेतू आरोग्याचा होता. ऊर्जेचा प्रश्न तेव्हा कोणापुढे नव्हता. शांतिनिकेतनात १९०१ पासून झाडाखाली भरणाऱ्या वर्गांचा दाखलाही दिला जातो, पण तेथे इमारतीच्या रचनेपेक्षा शिक्षणविचार प्रधान होता. दुसरा पक्ष इंग्लंडमधील वॉलसी येथील १९६१ च्या सेंट जॉर्जेस शाळेला पहिला मान देतो. एम्स्ली मॉर्गन यांनी तिची दक्षिणेकडील भिंत जवळजवळ पूर्ण काचेची केली आणि सूर्य, दिवे व मुलांच्या अंगची ऊब यांवर इमारत उबदार ठेवली. ऊर्जेचा हिशेब हाच निकष धरल्यास हा दावा अधिक बळकट वाटतो. प्रमाणनाचा इतिहास मात्र स्पष्ट आहे : ब्रिटनमध्ये ‘ब्रीम’ ही मानांकन पद्धत १९९० मध्ये आली, अमेरिकेची हरित इमारत परिषद १९९३ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या ‘लीड’ पद्धतीची शाळांसाठीची स्वतंत्र आवृत्ती २००७ मध्ये निघाली.

मधल्या काळातील एक चूक लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत इंधन वाचवण्यासाठी इमारती घट्ट बंद होऊ लागल्या. तेथील वायुवीजनाच्या मानकाने १९८१ मध्ये माणशी किमान ताजी हवा मिनिटाला ५ घनफुटांवर आणली. कोंदटपणाच्या आणि डोकेदुखीच्या तक्रारी वाढल्यानंतर १९८९ मध्ये ती १५ घनफूट करावी लागली. केवळ विजेचे बिल पाहून केलेली बचत मुलांच्या श्वासातून वसूल होते, हे तेव्हापासून सर्व मानांकनांनी मान्य केले आहे.

उजेड आणि अभ्यास : हरित शाळांच्या समर्थनार्थ सर्वाधिक उद्धृत होणारा पुरावा १९९९ च्या अमेरिकन पाहणीचा आहे. हेशाँग महोन समूहाने केलेल्या या पाहणीत कॅलिफोर्नियातील कॅपिस्ट्रानो येथे सर्वाधिक नैसर्गिक उजेडाच्या वर्गांतील मुलांची प्रगती वर्षभरात गणितात २० टक्के व वाचनात २६ टक्के अधिक वेगाने झाल्याचे दिसले. त्याच समूहाने २००३ मध्ये फ्रेस्नो येथे केलेल्या पाहणीत हा संबंध तसा आढळला नाही. तिरीप, आवाज आणि खिडकीबाहेरचे दृश्य या गोष्टी अधिक प्रभावी ठरल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीनेही हरित इमारत आणि गुण यांचा थेट संबंध सिद्ध करण्याइतका पुरावा नसल्याचे म्हटले. ओल, हवा आणि आवाज यांचा आरोग्यावरील परिणाम मात्र तिने ग्राह्य मानला. त्यामुळे ‘उजेडाने गुण वाढतात’ हे विधान जाहिरातीत शोभले तरी नोंदीत सावधपणेच घ्यावे लागते.

दिशा व छज्जा : महाराष्ट्रातील शाळेची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवून खिडक्या उत्तर-दक्षिणेला घेणे, हा सर्वांत स्वस्त आणि नंतर कधीही न दुरुस्त होणारा निर्णय आहे. पुण्याच्या अक्षांशावर (सु. १८.५° उ.) २१ डिसेंबरला दुपारचा सूर्य क्षितिजापासून सु. ४८° वर असतो, तर विषुवदिनी सु. ७१.५° वर. दक्षिणेच्या १.२ मी. उंच खिडकीला विषुवदिनी पूर्ण सावली देण्यास ४० सेंमी. छज्जा पुरतो, ६० सेंमी.चा छज्जा साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दुपारचे ऊन अडवतो आणि पुढे थंडीत ते आत येऊ देतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत, म्हणजे दोन शून्य-सावली दिवसांच्या (सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसांच्या) दरम्यान, दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. उत्तर भारतासाठी लिहिलेल्या पुस्तकांवरून आराखडे काढले की हे निसटते आणि उत्तरेच्या खिडक्या उघड्या राहतात. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते आणि पुढे ढग असतात, म्हणून तेथे थोडा छज्जा चालतो, पण तो वगळू नये. पश्चिमेला छज्ज्याचा उपयोग जवळजवळ नाही, कारण ऊन आडवे येते. त्या बाजूला जिना, भांडारखोली व स्वच्छतागृहे घ्यावीत.

लडाखमध्ये हाच विचार उलटा होतो. शे येथील द्रुक पद्म कार्पो शाळेचे वर्ग दक्षिणेपासून ३०° पूर्वेकडे वळवले आहेत, म्हणजे सकाळी लवकर ऊन आत येऊन खोली तापते. दिशेचा नियम एका प्रदेशातून दुसऱ्यात जसाच्या तसा उचलता येत नाही.

वर्गखोलीतील उजेड : भारतीय मानक २४४० नुसार आकाशाचा आधारभूत उजेड ८,००० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) धरतात, म्हणून १ टक्का उजेड-गुणक, म्हणजे बाहेरच्या उजेडाचा आत पोचणारा हिस्सा, ८० लक्स होतो. वर्गातील बाक व फळा यांसाठी १.९ ते ३.८ टक्के, म्हणजे सु. १५० ते ३०० लक्स अपेक्षित आहेत. खिडकीचा उजेड तिच्या माथ्याच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट आत पोचतो. माथा नेहमीच्या २.१ मी.वर असेल तर ४.२ ते ५.२ मी.पुढचे बाक अंधारतात, ६ मी. रुंदीच्या खोलीत व्हरांड्याच्या भिंतीलाही वर झरोके लागतात. फळ्याच्या शेजारी खिडकी घेऊ नये : कडेच्या बाकावरच्या मुलाला फळा चकाकताना दिसतो, मग पडदा ओढला जातो आणि दिवसभर दिवे लागतात. अशा वर्गांत कागदावरचा उजेड-गुणक उत्तम असतो.

हवा : ८ × ६ × ३.३ मी.च्या खोलीत सु. १५८ घ.मी. हवा मावते. ४० मुले मिळून सेकंदाला सु. ०.१६ लि. कार्बन डायऑक्साइड सोडतात. दारे-खिडक्या बंद असल्यास ३५ मिनिटांच्या एका तासिकेत त्याचे प्रमाण दशलक्षांत सु. दोन हजार भागांनी वाढते. बाहेर ते सु. ४२० असते. ते १,००० च्या आत ठेवायचे तर मुलामागे सेकंदाला सु. ७ लि. ताजी हवा हवी, म्हणजे खोलीतील हवा तासाला सहा वेळा पालटली पाहिजे. समोरासमोर खिडक्या असल्यास वाऱ्याच्या दिवशी हे सहज साधते. खरी अडचण पावसाळ्यात येते. झड आत येऊ लागली की नैर्ऋत्येकडच्या खिडक्या लावल्या जातात, ओले दप्तर आणि ओले कपडे आतच असतात, आणि वर्षातली सर्वांत वाईट हवा जुलैत होते. खिडकीचा वरचा भाग खालच्यापासून वेगळा आणि पट्ट्यांच्या झडपांचा केला, तर झड अडवूनही वारा खेळता राहतो. मानांकनाच्या तक्त्यात या तपशिलाला वेगळा गुण नाही. तरीही तो आवर्जून करावा.

उन्हाळ्यातील सुखदतेसाठी राष्ट्रीय इमारत संहितेने २०१६ मध्ये भारतीय माणसांच्या पाहणीवर बेतलेले सूत्र स्वीकारले : नैसर्गिक हवेच्या इमारतीत सुखद तापमान = ०.५४ × बाहेरचे अलीकडच्या दिवसांचे सरासरी तापमान + १२.८३. बाहेरची सरासरी ३०° से. असेल तर आत सु. २९° सुखद ठरते आणि २.४° इकडेतिकडे बहुतेकांना चालते. वातानुकूलनाशिवाय शाळा बांधण्यास याहून भक्कम तांत्रिक आधार नाही.

छप्पर आणि भिंती : एक-दोन मजली शाळेत बहुतेक उष्णता छपरातून उतरते. १५० मिमी. काँक्रीटच्या उघड्या स्लॅबचा उष्णतावहन-गुणांक (जितका कमी तितकी उष्णता कमी आत येते) ३.५ ते ४ (वॅट प्रति चौ.मी. प्रति अंश) असतो, २०१७ च्या ऊर्जा-संवर्धन इमारत संहितेने बहुतेक इमारतींना ०.३३, तर १०,००० चौ.मी.पेक्षा लहान शाळांना ०.४७ ही मर्यादा घातली. ती गाठायला स्लॅबवर उष्णतारोधक थर, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइलांचे चायना मोझेक हा क्रम उपयोगी पडतो. थर स्लॅबखाली लावल्यास स्लॅब तापतच राहतो आणि गळती शोधणे अवघड होते. पांढरा रंग दोन पावसाळ्यांत शेवाळाने काळवंडतो; चायना मोझेक धुता येते. कोकणात मंगलोरी कौलांखाली फळ्यांचे किंवा बांबूचे छत घेतल्यास पोकळीतली हवा उष्णता अडवते. नुसता पत्रा मात्र दुहेरी तोट्याचा आहे : उन्हात तापतो आणि मोठ्या सरीत त्याच्या आवाजापुढे शिक्षकाचा शब्द तिसऱ्या बाकापलीकडे जात नाही. रिकाम्या वर्गातील पार्श्व-आवाज ३५ डेसिबलांच्या आत आणि घुमण्याचा काळ ०.६ सेकंदांच्या आत असावा, हे अमेरिकन मानक भारतातही आधाराला घेतले जाते.

भिंतींसाठी राखेच्या विटा किंवा हलके एएसी (हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांच्या काँक्रीटचे) ब्लॉक वापरतात. २०० मिमी. ब्लॉकचा गुणांक ०.७ ते ०.८, तर २३० मिमी. विटेच्या भिंतीचा सु. २ असतो. ब्लॉकची भिंत पुरेशी ओली न करता गिलावा केला तर तो तडकतो. जड फळा साध्या खिळ्यावर टांगला तर खिळा निसटतो, त्याला खास पकडीचे स्क्रू लागतात. कोकणात जांभा आणि देशावर काळा दगड जवळ मिळत असताना दूरवरून आणलेला ब्लॉक कितपत हरित, हा प्रश्न रास्त आहे.

पाणी : दिवसाच्या शाळेसाठी राष्ट्रीय इमारत संहितेने माणशी रोज ४५ लि. पाणी धरले आहे. त्यांतील २० लि. फ्लशसाठी. ८०० मुलांच्या शाळेला म्हणजे रोज ३६,००० लि. लागतात. पुण्यात सु. ७०० मिमी. पाऊस धरल्यास ५०० चौ.मी. गच्चीवरून ०.८५ गुणकाने (पडलेल्या पाण्यापैकी हाती येणारा हिस्सा) सु. ३ लाख लि. मिळतात : फार तर आठ दिवसांची गरज. म्हणून आधी मागणी कमी करावी. मिनिटाला १० लि. सोडणाऱ्या नळाला हवामिश्रक तोटी बसवली की ३-४ लि.मध्ये हात धुऊन होतात. हात धुण्याचे पाणी गाळून फ्लशला द्यावे आणि त्यानंतर पावसाच्या पाण्याकडे वळावे. पहिल्या सरीचे १ मिमी. पाणी, म्हणजे या गच्चीचे ५०० लि., वळवून सोडण्याची सोय हवी. ही सोय न करता गच्चीचे पाणी थेट बोअरवेलमध्ये सोडले की पानकचरा व गाळ भेगांत बसतो आणि पुनर्भरणासाठी निवडलेली बोअरवेलच निकामी होते.

वीज : २० वर्गांत चार-चार पंखे ७५ वॅटऐवजी ३० वॅटचे बसवल्यास ३.६ किलोवॅट भार कमी होतो. दिवसाला ६ तास व २०० दिवस धरून वर्षाला ४,३२० युनिट. सौर पॅनेलना किलोवॅटमागे सु. १० चौ.मी. सावलीरहित जागा लागते आणि रोज सु. ४ युनिट मिळतात. सर्वाधिक निर्मिती होते ती सुट्टीत, एप्रिल-मेमध्ये. नेट मीटरिंगमध्ये (वीजजाळ्याला दिलेली वीज बिलातून वळती करण्याच्या पद्धतीत) हे युनिट त्या आर्थिक वर्षात पुढे ओढता येत असल्याने शाळेला ते जूननंतर उपयोगी पडतात. मंजूर भार तपासूनच पॅनेलची क्षमता ठरवावी.

प्रमाणन : भारतात प्रामुख्याने दोन देशी पद्धती वापरात आहेत. २००१ मध्ये भारतीय उद्योग महासंघाने स्थापलेल्या हैदराबादच्या भारतीय हरित इमारत परिषदेची शाळांसाठी स्वतंत्र पद्धत आहे. टेरी (ऊर्जा व साधनसंपत्ती संस्था) व केंद्राचे नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांच्या ‘गृह’ पद्धतीला २००७ मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळाला. ‘गृह’ २,५०० चौ.मी.पासून पुढच्या इमारतींना लागू होते. त्याहून लहानांसाठी ‘स्वगृह’ आहे आणि चालू शाळांसाठी वेगळे मानांकन आहे. २०१५ च्या आवृत्तीत २५ गुणांना एक तारा, ८६ पासून पाच तारे मिळतात. त्याआधीच्या आवृत्तीत पहिल्या ताऱ्यालाच सु. निम्मे गुण लागत, तेव्हा दोन शाळांच्या ताऱ्यांची तुलना करताना आवृत्ती पाहावीच लागते. मानांकन पाच वर्षे टिकते.

नोंदणी आराखड्याच्या टप्प्यावर करावी. बहुतेक गुण बुडतात ते पुराव्याअभावी. वरची २० सेंमी. माती खरवडून ४० सेंमी.हून कमी उंचीच्या ढिगांत राखली खरी, पण तिची तारखेसह छायाचित्रे नसतात. सिमेंटमधील राखेचे प्रमाणपत्र पुरवठादाराकडून वेळीच मागितलेले नसते. पंप, दिवे आणि स्वयंपाकघर यांना एकच मीटर असतो. ऊर्जेचे गुण मोजताना आणखी एक अन्याय होतो. हे तक्ते मूळ वातानुकूलित कार्यालये डोळ्यांसमोर ठेवून घडले. ज्या जिल्हा परिषद शाळेत वातानुकूलन नाहीच, तिला टक्क्यांतली बचत दाखवायला जागा थोडी उरते. अशा शाळेने सुखदता, उजेड, पाणी आणि जागेवरची झाडे या निकषांवर भर द्यावा. अंतिम तपासणीनंतर वर्षभर मीटरच्या मासिक नोंदी ठेवण्याचे काम शिपाई किंवा प्रयोगशाळा साहाय्यक यांपैकी एका ठरावीक व्यक्तीकडे, लेखी, सोपवलेले असावे. पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी याच वहीवरून आकडे काढावे लागतात.