डॉकरफाइलमध्ये आधी काय, नंतर काय

पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे दिवस आले की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "सर, माझ्या लॅपटॉपवर चालतंय." आणि ते खरंच असतं. मुलाच्या लॅपटॉपवर पायथॉनची एक आवृत्ती, लॅबच्या मशीनवर दुसरी, लायब्ररी कुणाच्या जुन्या, कुणाच्या नव्या. कंटेनर हा त्यावरचा उपाय. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकाच इमेजमध्ये भरायचं आणि ती इमेज जिथे हवी तिथे चालवायची. ही इमेज कशी बनवायची हे ज्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहितात, ती डॉकरफाइल.

कंटेनर बनवणारं आणि चालवणारं डॉकर हे साधन 2013 साली जगासमोर आलं, पण त्याचा पाया लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, आधीच घातला गेला होता. एका प्रोसेसला दुसरीपासून वेगळं ठेवणाऱ्या नेमस्पेस होत्या. कुणाला किती मेमरी आणि किती सीपीयू मिळावा हे ठरवणारे सीग्रुप 2008 मध्ये कर्नलमध्ये दाखल झाले होते. कंटेनर यजमान मशीनचाच कर्नल वापरतो, म्हणून तो व्हर्च्युअल मशीनपेक्षा हलका असतो आणि पटकन सुरू होतो.

आता फाइलकडे येऊ. समजा, पीएमपीच्या बसचं वेळापत्रक दाखवणारं एक छोटं पायथॉन ॲप आहे. नवशिक्याची फाइल बहुधा चार ओळींची असते. 'फ्रॉम'ने पायथॉनची तयार इमेज घ्यायची, 'कॉपी'ने प्रोजेक्टचं अख्खं फोल्डर आत आणायचं, 'रन'ने पिप चालवून लायब्ररी बसवायच्या आणि 'सीएमडी'त ॲप कसं सुरू करायचं ते सांगायचं. इमेज बनते, ॲपही चालतं. मग स्वारगेटच्या स्टॉपच्या नावातली वेलांटी दुरुस्त करून पुन्हा बिल्ड लावला, म्हणजे इमेज नव्यानं बनवायला घेतली, की सगळ्या लायब्ररी परत पहिल्यापासून डाउनलोड व्हायला लागतात. हॉस्टेलच्या वायफायवर हा ताप किती होतो हे ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक.

याचं कारण कॅशच्या, म्हणजे आधीच्या बिल्डचं काम जपून पुन्हा वापरण्याच्या, नियमात आहे. फाइल सिस्टीममध्ये बदल करणाऱ्या प्रत्येक ओळीचा एक थर तयार होतो आणि तो जपून ठेवला जातो. पुढच्या बिल्डला डॉकर वरून खाली एकेक ओळ तपासतो. 'कॉपी' असेल तर फाइलींच्या मजकुराचा चेकसम (मजकूर बदलला की बदलणारा आकडा) काढून बघतो. 'रन' असेल तर फक्त आज्ञेची अक्षरं तीच आहेत का, एवढंच बघतो. एखाद्या ओळीवर फरक सापडला की ती ओळ आणि तिच्या खालचं सगळं नव्यानं चालतं. वेलांटी बदलल्यामुळे 'कॉपी'चा थर मोडला, आणि पिप त्याच्या खाली होता.

म्हणून ओळींचा क्रम लावायचा तो काय किती वेळा बदलतं यावरून. आधी फक्त लायब्ररींची यादी असलेली रिक्वायरमेंट्सची फाइल कॉपी करा, मग पिप चालवा आणि आपला कोड त्यानंतर आणा. पुढच्या बिल्डला टर्मिनलवर पिपच्या ओळीपुढे 'कॅश्ड' असा शब्द उमटतो आणि काम काही क्षणांत पुढे सरकतं. एक ओळ वर घेतल्यानं एवढा फरक पडतो, हे मला आजही फार सुंदर वाटतं.

'रन'ची फक्त अक्षरं बघितली जातात, याचा एक फटकाही बसतो. ॲप्ट-गेट हे लिनक्सवर पॅकेजं बसवणारं साधन. त्याची पॅकेजांची यादी ताजी करणारी 'ॲप्ट-गेट अपडेट' ही आज्ञा एका ओळीत आणि 'इन्स्टॉल' दुसऱ्या ओळीत लिहिली, की अपडेटची ओळ बदलत नाही म्हणून जुनाच थर वापरला जातो. काही महिन्यांनी एखादं पॅकेज वाढवायला जावं, तर त्या शिळ्या यादीतली आवृत्ती सर्व्हरवर नसतेच आणि बिल्ड पडतो. या दोन आज्ञा एकाच 'रन'मध्ये जोडाव्यात.

थरांचा याहून गंभीर परिणाम पुसण्याच्या बाबतीत दिसतो. थर ट्रेसिंग पेपरसारखे एकावर एक ठेवलेले असतात आणि खालच्या कागदावर नंतर काही खोडता येत नाही. पुढच्या ओळीत फाइल डिलीट केली तर वरच्या थरात 'ही फाइल दाखवू नका' एवढी खूण पडते, मूळ फाइल खाली तशीच राहते. इमेजचा आकार कमी होत नाही, हे एक वेळ चालेल. पण पासवर्ड आणि एपीआय की (दुसरी सेवा वापरण्यासाठीची गुप्त किल्ली) ठेवलेली 'डॉट एन्व्ह' फाइल अख्ख्या फोल्डरसोबत आत गेली असेल, तर ती नंतर डिलीट करून उपयोग नाही. इमेज ज्याच्या हाती पडेल, तो थर सुटे करून ती वाचू शकतो. अशा फाइलींची नावं 'डॉट डॉकरइग्नोर' या वगळायच्या फाइलींच्या यादीत आधीच लिहावीत. बिल्डच्या वेळी की लागणारच असेल, तर बिल्डकिटचं, म्हणजे डॉकरच्या इमेज बांधणाऱ्या भागाचं, सीक्रेट माउंट वापरावं. त्यात ती थरात उतरत नाही. की असलेली इमेज एकदा पुश झालीच, म्हणजे इतरांना घेता येईल अशा सर्व्हरवर चढवली गेली, तर ती की रद्द करून नवी घ्यावी.

कंपायलरसारखी फक्त बांधणीपुरती लागणारी साधनं शेवटच्या इमेजमधून वगळायची असतील, तर 2017 पासून एकाच फाइलमध्ये एकाहून अधिक 'फ्रॉम' लिहिता येतात. पहिल्या टप्प्यात बांधायचं, दुसऱ्यात फक्त तयार झालेला माल उचलायचा.

बसच्या ॲपला आणखी एक गोष्ट लागते. वेगळं काही सांगितलं नसेल, तर कंटेनर सहसा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो. पुण्यात सकाळचे आठ वाजलेले असताना आत अडीच असतात, म्हणजे 'पुढची बस' म्हणून ॲप भलतीच बस दाखवणार. 'टीझेड' या टाइम झोन सांगणाऱ्या व्हेरिएबलमध्ये 'एशिया/कोलकाता' लिहावं. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर इमेज बेतली असेल तर टाइम झोनची माहिती असलेलं टीझेडडेटा पॅकेजही बसवावं, नाहीतर कुठलीही एरर न देता घड्याळ यूटीसीवरच राहतं.