जुन्या गाडीत मोठं इंजिन: आरटीओत अर्ज कुठे अडतो आणि का

‘राजदूतच्या चेसिसमध्ये (गाडीच्या सांगाड्यात) आरडीचं इंजिन बसवलंय, आता आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) चढवायचंय. कुठला फॉर्म लागतो?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने बहुतेक वेळा सगळं उलट्या क्रमाने केलेलं असतं. आधी इंजिन, मग वेल्डिंग, मग रंग, आणि कागद सगळ्यात शेवटी. म्हणून फॉर्मचं नंतर बघू.

आधी कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने गाडी बनवताना जो तपशील ठरवला, त्याच्याशी आरसीतला तपशील जुळणार नाही असा कोणताही बदल मालकाने करायचा नाही. आरसीवर इंजिन नंबर असतो आणि क्युबिक कपॅसिटी, म्हणजे इंजिन किती सीसीचं तेही असतं. राजदूतसारख्या १७३ सीसीच्या गाडीत आरडी ३५० चं ३४७ सीसीचं इंजिन बसवलं की कपॅसिटीची ओळ खोटी ठरते. ती ओळ बदलून द्यायचा अधिकार खिडकीमागच्या कारकुनाला नाही आणि वरच्या साहेबांनाही नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं: उत्पादकाचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालणार नाही.

थोडक्यात, मोठं इंजिन आरसीवर चढवून मिळत नाही. एजंट ‘होऊन जाईल’ म्हणाला तर त्याला एवढंच विचारा, ‘कपॅसिटीच्या रकान्यात काय लिहून येईल?’

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, ‘आमच्या वडिलांनी ब्याण्णव साली करून घेतलं होतं, बुकात (जुन्या आरसी पुस्तकात) शिक्का आहे.’ ते खोटं बोलत नसतात. १९८८ च्या मूळ कलमात नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घेऊन असा बदल करायची वाट होती. २००० सालच्या दुरुस्तीत ती गेली. वडिलांचा शिक्का वडिलांच्या गाडीपुरता. त्याची झेरॉक्स तुमच्या अर्जाला जोडून उपयोग नाही.

दुसरा गैरसमज चौदा दिवसांचा. बदल केल्यापासून १४ दिवसांत कळवायचं असं कलमात आहे, आणि लोक त्याचा अर्थ लावतात की आधी बसवा, मग १४ दिवसांत कळवा म्हणजे कायदेशीर. तसं नाही. ती मुदत कळवण्याची आहे. जो बदल मुळातच चालत नाही, तो वेळेवर कळवला म्हणून चालायला लागत नाही. परवानगीशिवाय इंजिन बदलायची मुभा त्याच कलमात आहे खरी, पण ती दहा किंवा जास्त व्यावसायिक वाहनं असलेल्या मालकासाठी, सरकारने अधिसूचना काढली तर, आणि तेव्हाही त्याच मेकच्या, त्याच प्रकारच्या इंजिनासाठी. दारात एक बुलेट आणि एक ॲक्टिव्हा असलेल्या माणसाचा त्याच्याशी संबंध नाही.

तिसरा खास पुणेरी: ‘वेताळ टेकडीवर एआरएआय आहे ना, तिथून टेस्ट करून आणतो.’ ही गाड्यांची चाचणी घेणारी संस्था. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खालच्या चाचण्या उत्पादकाच्या नमुना गाडीसाठी असतात. तुमच्या एकुलत्या एका गाडीसाठी नव्हेत.

गंमत म्हणजे त्याच कलमाप्रमाणे पेट्रोल इंजिन काढून मान्यताप्राप्त विजेचं किट बसवता येतं. इंजिन अख्खं गेलं तरी चालतं, मोठं झालेलं चालत नाही. तर्क शोधत बसू नका.

आता जे होतं त्याबद्दल. मूळ इंजिन संपलं असेल, क्रँककेस (इंजिनाचं बाहेरचं कवच) फुटली असेल, तर त्याच मेकचं, त्याच मॉडेलचं, तेवढ्याच सीसीचं इंजिन बसवून आरसीवर नवा नंबर घेता येतो. परवानगी आधी घ्यायची. वाहन पोर्टलवर ‘आल्टरेशन ऑफ मोटर व्हेइकल’ ही सेवा निवडा, फी भरा, विमा आणि पीयूसी चालू ठेवा, अपॉइंटमेंटच्या दिवशी गाडी घेऊन जा. निरीक्षक चेसिस आणि इंजिन नंबर पडताळतात. पत्ता पुणे शहरातला असेल तर संगम पुलाजवळचं एमएच १२ चं कार्यालय, पिंपरी-चिंचवडचा असेल तर एमएच १४. इतपत सगळ्यांना जमतं.

अडतं ते इंजिनाच्या कागदाशी. जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी घेतलेल्या इंजिनाला पावती नसते, आणि नाना पेठेत मिळाली तरी ती ‘एक नग जुने इंजिन’ एवढंच लिहिलेली कच्ची पावती असते. पावतीवर इंजिन नंबर हवा, विकणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. त्याहून महत्त्वाचं, ते इंजिन ज्या गाडीतून निघालं तिची आरसी रद्द झाल्याचा पुरावा हवा. गाडी मोडीत निघाली की मालकाने १४ दिवसांत कळवून आरसी जमा करायची असते, कलम ५५. सहसा कुणी करत नाही. मग ती गाडी कागदावर जिवंत राहते आणि तिचा इंजिन नंबर तिच्याच नावावर. एकच नंबर दोन गाड्यांवर कसा चढेल? इंजिनाचे पैसे द्यायच्या आधी त्या गाडीचा नंबर मागा. विकणारा ‘नंबर कशाला हवा’ म्हणाला तर इंजिन तिथेच ठेवून घरी या. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला असेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नका. त्याचा प्रवास आरटीओकडे नाही, पोलीस चौकीकडे जातो.

या टप्प्याला पोचायच्या आधीही कित्येक अर्ज परत येतात. गाडी आजोबांच्या नावावर असते. अर्ज मालकाचाच लागतो, आणि मालक भिंतीवर हार घातलेल्या फोटोत. मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचं आणि ३ महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करायचा फॉर्म ३१ भरायचा, असा नियम आहे. तीस वर्षं उलटली असतील तर वारसांची संमतीपत्रं गोळा करण्यापासून सुरुवात. काका-आत्यांशी बोलणं आहे ना, ते आधी बघा.

मग बुकातला कर्जाचा शिक्का. हप्ते १९८५ सालीच फिटलेत, पण आरसीवरची कर्जाची नोंद, म्हणजे बोजा, उतरवला नाही. त्यासाठीच्या फॉर्म ३५ वर बँकेची सही लागते आणि ती बँकच राहिलेली नसते. अशा वेळी ती कुठल्या बँकेत विलीन झाली ते शोधायचं. उदाहरणार्थ, युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली. तिचा शिक्का असेल तर आयडीबीआयच्या शाखेत जायचं. काउंटरवरच्या मुलीला आपल्या जन्माआधीचं खातं सापडणार नाही. रागावू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

तीन अक्षरी जुन्या नंबरच्या गाड्या बऱ्याचदा ऑनलाइन दिसतच नाहीत. तेव्हा आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवणं. मूळ बुक न्या, लॅमिनेट केलेलं नको. एंट्री झाली की तिथल्या तिथे चेसिस आणि इंजिन नंबरातला आकडा न् आकडा ताडून पाहा. शून्याच्या जागी ‘ओ’ पडला की पुढचं सगळं खोळंबतं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) पाटीही लागते, आणि ती बुक करताना चेसिसबरोबर इंजिन नंबरही टाकावा लागतो. अनेकांना आपली गाडी कागदाशी जुळत नाही हे तिथे पहिल्यांदा कळतं.

आता विंटेज. मोठं इंजिन बसवून वर विंटेज नोंदणीही हवी, असे दोन्ही लाडू मागणारे खूप भेटतात. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच विंटेज. भारतात नोंद असलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००. प्रमाणपत्र १० वर्षांचं. पण त्यावर रोज कोथरूडहून ऑफिसला जाता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. आणि जुनी दिसते म्हणून विंटेज होत नाही. आरडी ३५० इथे आली १९८३ मध्ये, म्हणजे अगदी पहिली गाडीसुद्धा २०३३ पर्यंत विंटेज नाही. उलट १९७५ ची राजदूत ५० वर्षांची झाली. तिच्यात आरडीचं इंजिन घातलंत तर जी पात्र होती तीच अपात्र केलीत.

विम्याचं कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. थर्ड पार्टी हप्त्याचे टप्पे सीसीवर ठरतात, आणि एक सीमा ३५० सीसीवर आहे. ३४६ सीसीच्या बुलेटमध्ये ४९९ सीसीचं इंजिन घातलं की बाहेरून कुणाला कळतही नाही, पण पॉलिसी वेगळ्याच गाडीची असते. अपघात झाला की सर्व्हेअर इंजिन नंबर बघतो. त्यानंतरची वादावादी कोर्टात होते, आणि समोर ज्याला लागलंय तो थांबून राहतो. राजदूतचे ड्रम ब्रेक साडेसात हॉर्सपॉवरसाठी होते, हाय टॉर्क (जास्त ताकदीच्या) आरडीचं इंजिन साडेतीस देतं. मला कलमांपेक्षा ह्याचीच भीती जास्त वाटते.

आधीच बसवून ठेवलं असेल तर मूळ इंजिन भंगारात देऊ नका. तेल घालून, गोणपाटात गुंडाळून ठेवा. अर्जाची वाट त्याच्यापाशीच परत येते. इंजिन माउंट वाढवायला चेसिसला गॅस वेल्डिंग लावलं असेल तर हँडलखालच्या मानेवरचा चेसिस नंबर शाबूत आहे का ते आजच बघा, पुटी आणि रंगाखाली तो बुजतो. गाडी केवळ प्रदर्शनात किंवा खाजगी जागेत दाखवायची असेल तर टेम्पोत घालून न्या, चालवत नाही. आणि मूळ इंजिन परत बसवलंत की तपासणीला नेण्याआधी आरसीतला इंजिन नंबर टॉर्च मारून स्वतः वाचा. दोन इंजिनं असलेल्या घरात भलतंच इंजिन चढवून निघालेला माणूस मी पाहिलाय.