एकट्याने बसायचं, तर गट कशाला?

सजगतेचा सराव, म्हणजे माइंडफुलनेस, हा तसा एकट्याचाच उद्योग. श्वासाकडे लक्ष द्यायचं, मन भरकटलं की परत आणायचं. यात शेजारी बसलेला माणूस काय मदत करणार? सतिपट्ठान सुत्त या बुद्धाच्या सजगतेवरच्या प्रवचनातसुद्धा साधकाला अरण्यात, झाडाखाली किंवा रिकाम्या घरात जाऊन बसायला सांगितलं आहे. तरीही जगभर लोक आठवड्यातून एकदा एखाद्या वाचनालयात किंवा भाड्याच्या हॉलमध्ये जमतात आणि अर्धा तास काहीही न बोलता बसून राहतात. ‘मनःशांतीसाठी’ हे उत्तर अपुरं आहे, कारण त्यासाठी घराचं दार लावून बसलं तरी चालतं. खरं उत्तर शोधायला ब्रह्मदेशात जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकापर्यंत बौद्ध देशांतही ध्यान हे भिक्खूंचं काम मानलं जाई, आणि त्यांतलेही मोजकेच ते करत. गृहस्थाने दान द्यावं, शील पाळावं, एवढीच अपेक्षा. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि थिबा राजाला पदच्युत केलं. (त्याची रवानगी रत्नागिरीला झाली, हे थिबा पॅलेसमुळे मराठी वाचकाला ठाऊक असतंच.) राजा गेला तसा धर्माचा आश्रयदाताही गेला. आता धर्म कोणी सांभाळायचा? लेडी सयाडो (1846–1923) या विद्वान भिक्खूंचं उत्तर होतं, सामान्य माणसांनी. त्यांनी देशभर हिंडून गृहस्थांचे अभ्यासगट उभे केले, सोप्या ब्रह्मी भाषेत पुस्तिका लिहिल्या आणि ध्यान संसारी माणसालाही जमतं, असं ठामपणे सांगितलं. आज आपण ज्याला ‘स्थानिक गट’ म्हणतो, त्याचं बीज असं एका पराभवात आहे.

लेडी सयाडोंचे एक शिष्य शेतकरी होते आणि त्या शेतकऱ्याचे शिष्य ऊ बा खिन सरकारी हिशेबनीस. 4 जानेवारी 1948 ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, त्याच दिवशी ते देशाचे अकाउंटंट जनरल झाले. 1950 मध्ये त्यांनी आपल्या कार्यालयातच कर्मचाऱ्यांसाठी विपश्यना मंडळ काढलं. लेखापरीक्षेच्या फायली एका बाजूला आणि आनापान, म्हणजे श्वासाचं ध्यान, दुसऱ्या बाजूला! मला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत बोलकं दृश्य वाटतं. मठ नाही, जंगल नाही. रोज एकमेकांची तोंडं पाहणारी माणसं एकत्र बसताहेत.

1955 मध्ये त्यांच्याकडे एक तरुण व्यापारी आला, सत्यनारायण गोएंका. त्यांचं मायग्रेन इतकं तीव्र होतं की मॉर्फिन घ्यावं लागे. डोकेदुखीच्या इलाजासाठी येणार असाल तर येऊ नका, असं ऊ बा खिन यांनी त्यांना आधी बजावलं. हा प्रसंग गोएंका स्वतः पुढे अनेकदा सांगत. 1969 मध्ये ते भारतात आले, मुंबईत पहिलं शिबिर झालं, मग इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं. दहा दिवसांचं शिबिर संपवून घरी गेलेल्या साधकांसाठी ‘सामूहिक साधने’ची प्रथा रुजली. यामागचं कारण व्यावहारिक आहे. शिबिरात घंटा उठवते, घरी कोणी उठवत नाही.

ऊ बा खिन यांनी जे कारण नाकारलं, नेमक्या त्याच कारणासाठी 1979 मध्ये अमेरिकेत दार उघडलं गेलं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जॉन कबाट-झिन या जीवशास्त्रज्ञाने जुनाट दुखण्याच्या रुग्णांना बोलावलं, ज्यांच्यासाठी डॉक्टरांकडे फारसं काही उरलं नव्हतं अशांना. आठ आठवड्यांचा वर्ग, घरी रोज पाऊण तास सराव, मध्ये एक पूर्ण दिवस मौन. पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवण्याचा बॉडी स्कॅन थेट ऊ बा खिन यांच्या परंपरेतून आला होता. धार्मिक परिभाषा मात्र वगळलेली. 1982 मधल्या त्यांच्या पहिल्या अहवालात 51 रुग्ण होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे पुरावा म्हणून तो तोकडाच, पण वाट पडली.

पहिल्या वर्गात हातावर एक मनुका ठेवतात. ती बघायची, बोटांनी चाचपायची, कानाशी नेऊन दाबायची, वास घ्यायचा, मग जिभेवर ठेवून थांबायचं. लोक आधी संकोचाने हसतात. मग कोणीतरी म्हणतं की मनुकेला आवाज असतो हे कधी लक्षातच आलं नव्हतं, तर दुसरा कबूल करतो की त्याचं मन तेवढ्यातही ऑफिसात जाऊन आलं. घरी एकट्याने बसणारा मन भटकलं की ‘मला हे जमत नाही’ म्हणून उठून जातो. गटात त्याला पहिल्या तासाभरातच कळतं की भटकणं हाच सगळ्यांचा धंदा आहे.

पुढचं पाऊल नैराश्याचं. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीझडेल या मानसशास्त्रज्ञांनी बऱ्या झालेल्या रुग्णांना आजार उलटू नये म्हणून असाच कार्यक्रम आखला. त्यांनी गट निवडला त्यात मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. रुग्ण फार आणि उपचारक थोडे. एकेकट्याला वेळ देणं परवडणारं नव्हतं. त्यांचा 145 रुग्णांवरचा अभ्यास 2000 मध्ये आला. ज्यांना पूर्वी तीन किंवा जास्त वेळा नैराश्य आलं होतं, त्यांच्यात नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी 66 टक्क्यांचा आजार उलटला, सजगतेच्या गटातल्या 37 टक्क्यांचा. 2004 मध्ये कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने अशा रुग्णांसाठी या पद्धतीची शिफारस केली.

आठ आठवडे मात्र संपतातच. आजचे बरेचसे गल्लीबोळातले गट याच पोकळीत जन्मलेले आहेत: कोर्स संपला, सराव सुटू लागला, मग चारजण म्हणाले, आठवड्यातून एकदा तरी भेटू. 2010 नंतर फोनवर अ‍ॅप आली, 2020 च्या साथीत गट व्हिडिओ कॉलवर गेले, तरी प्रत्यक्ष जमणं थांबलं नाही. अ‍ॅपला तुम्ही आला नाहीत तर फरक पडत नाही. गटात रिकामी जागा दिसते. येणारे सगळेच दुखणं घेऊन येतात असंही नाही. कोणाला झोप नसते, कोणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं, कोणाला आठवड्यात एक तास तरी कोणी सल्ला देऊ नये असं वाटतं.

गवगवा जितका आहे तितका पुरावा भक्कम नाही. 47 चाचण्या तपासणाऱ्या 2014 च्या आढाव्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर लहान ते मध्यम स्वरूपाचा फायदा दिसला. व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस असल्याचं दिसलं नाही. ब्रिटनमधल्या 8,000 हून अधिक शाळकरी मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2022 मध्ये आले, तेव्हा नेहमीच्या शिकवणीपेक्षा काहीच जास्त लाभ आढळला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. त्यांना वेळापत्रकाने वर्गात बसवलं होतं, गटात येणारा माणूस आपल्या पायांनी येतो. या फरकाला मी बरंच वजन देतो.

रुग्णालयातल्या वर्गाला प्रशिक्षित शिक्षक असतो, स्थानिक गटात बहुधा एखादा जुना सदस्य घंटा वाजवतो. जुना आघात मनात असलेल्या माणसाला डोळे मिटून बसल्यावर तो उसळून येऊ शकतो, आणि तेव्हा घंटा वाजवणाऱ्याला काय करायचं ते माहीत असेलच असं नाही. म्हणून चांगल्या गटात नव्याला आधीच सांगतात: डोळे उघडे ठेवले तरी चालतील, मध्येच उठून बाहेर गेलात तरी कोणी विचारणार नाही.