मोठा हंस, धाकटा हंस: शिआनचे दोन पॅगोडे

दोन दिवसांसाठी चीनमधल्या शिआनला जाणाऱ्यांचा एक घोटाळा हमखास होतो. फोटो असतो धाकट्या पॅगोड्याचा आणि खाली माहिती मोठ्याची. गोंधळ साहजिकच आहे. दोन्ही तांग राजघराण्याच्या काळातले, विटांचे, चौकोनी. दोन्ही जुन्या तटबंदीच्या दक्षिणेला, एकमेकांपासून साधारण तीन किलोमीटरवर. 2014 साली दोघांचा समावेश रेशीम मार्गाच्या एकाच जागतिक वारसा नोंदीत झाला. नावंही जुळ्यांची: दायेन्ता म्हणजे मोठ्या रानहंसाचा पॅगोडा, श्याओयेन्ता म्हणजे धाकट्याचा.

हा हंस भारतातून तिकडे गेला. मगधातल्या एका विहाराची कथा चिनी बौद्ध भिक्षू युआन श्वांग यांनी लिहून ठेवली आहे. मांस मिळेना म्हणून एक भिक्षू आकाशातल्या हंसांकडे पाहत बोलला, आणि त्यातला एक हंस मरून खाली पडला. भिक्षू हेलावले. त्यांनी मांस सोडलं, हंसाला पुरून वर स्तूप बांधला. पॅगोड्याच्या नावाचा संबंध याच कथेशी जोडतात.

मोठा पॅगोडा युआन श्वांग यांचा, आपल्या जुन्या पुस्तकांतल्या ह्युएन त्संगांचा. 648 साली युवराज ली चर याने, म्हणजे पुढच्या सम्राट गाओत्सुंगने, आईच्या स्मरणार्थ त्सअन विहार उभारला. युआन श्वांग 645 मध्ये भारतातून 657 ग्रंथ घेऊन परतले होते. ते जपून ठेवायला 652 मध्ये याच विहारात पॅगोडा बांधला गेला. पहिला पाच मजल्यांचा होता. सम्राज्ञी वू च-थ्येनच्या काळात, 701 ते 704 दरम्यान, तो नव्याने बांधला. आज सात मजले आणि सुमारे 64 मीटर उंची आहे.

मराठी माणसाने इथे जरा जास्त थांबावं असं मला मनापासून वाटतं. युआन श्वांग महाराष्ट्रात येऊन गेले होते. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्यांनी लिहिलं. हर्षवर्धनाला न जुमानणाऱ्या पुलकेशीची नोंद केली. डोंगरातल्या एका विहाराचं त्यांनी केलेलं वर्णन अजिंठ्याचं मानलं जातं. ज्या माणसाने आपल्याला असं निरखून पाहिलं, त्याच्या कामाची ही जागा आहे.

धाकटा पॅगोडा इत्सिंग या दुसऱ्या चिनी भिक्षूशी जोडलेला. युआन श्वांग खुष्कीच्या मार्गाने वाळवंट आणि डोंगर ओलांडत आले. इत्सिंग 671 मध्ये ग्वांगचौहून जहाजाने निघाले, सुमात्रामार्गे बंगालमधल्या ताम्रलिप्ती बंदरात उतरले आणि नालंदेत सुमारे दहा वर्षं शिकले. परतल्यावर च्येनफू विहारात त्यांनी भाषांतरं केली. हा विहार 684 चा, आणि तो उभारला गेला त्याच गाओत्सुंगच्या मृत्यूनंतर, त्याच्यासाठी. पॅगोडा 707 ते 709 मधला.

ओळखायचं कसं? मोठा पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होतो. मजले उंच, कडा सरळ, प्रत्येक मजल्याला चारही बाजूंनी कमानी. धाकट्याच्या वळचणी एकीवर एक दाटून बसलेल्या आणि बाह्यरेषा हलकेच आत वळलेली. त्याचा शेंडाही तुटका आहे. मूळ पंधरा मजले होते. 1556 च्या भयंकर भूकंपानंतर तेरा राहिले, उंची सुमारे 43 मीटर. त्याआधीची गोष्ट आणखी नवलाची. 1487 च्या भूकंपात तो वरपासून खालपर्यंत चिरला आणि 1521 च्या धक्क्याने भेग मिटली, असं दारावरच्या दगडात 1551 मध्ये कोरून ठेवलंय.

माझं मत विचाराल तर सकाळी धाकटा पाहा. मेट्रोच्या दोन नंबरच्या मार्गावर नानशाओमन स्थानकाला उतरायचं. झाडी आहे, शांतता आहे, शेजारीच शिआन संग्रहालय आहे. मग त्याच मार्गाने घंटामनोऱ्यापर्यंत जाऊन नगारामनोऱ्यामागच्या हुई मुस्लिमांच्या गल्ल्यांत जेवा.

तिथेही एक जोडी घोटाळ्यात टाकते: रौच्यामो आणि फाओमो. 'मो' म्हणजे गव्हाची जाड रोटी. रौच्यामोत ती चिरून आत मऊ शिजवलेलं, बारीक कापलेलं मांस भरतात. शहरात इतरत्र ते बहुधा डुकराचं, या गल्ल्यांत मात्र गाईचं किंवा मेंढीचं. फाओमोची रोटी जवळजवळ न फुगवलेल्या कणकेची, घट्ट. ती रिकाम्या वाडग्यासह तुमच्यासमोर येते आणि तुम्हीच तिचे हरभऱ्याएवढे तुकडे करायचे. मग वाडगा स्वयंपाकघरात जातो आणि मेंढीच्या रश्शात शिजून परत येतो. रश्शात भाकरी कुस्करणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. फक्त तुकडे मोठे ठेवू नका, रस्सा आत मुरत नाही. सोबत गोड मुरवलेला लसूण येतो, तो खाच. मांस न खाणाऱ्यांनी ल्यांगफी मागावी: तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिठाच्या गार, रुंद पट्ट्या, व्हिनेगर आणि मिरचीचं तेल.

दुपार कलल्यावर मोठ्याकडे जा. पॅगोड्यावर चढायचं तिकीट वेगळं घ्यावं लागतं. चढण्याआधी दक्षिणेच्या दाराशी थांबा. दोन्ही बाजूंना शिलालेख आहेत, सम्राट ताइत्सुंग आणि गाओत्सुंग या बापलेकांनी युआन श्वांगांच्या भाषांतरांसाठी लिहिलेल्या प्रस्तावना, सुलेखनकार छू स्वेल्यांगच्या हस्ताक्षरात, 653 सालच्या.