लेटरहेड कुणाचं, पाकीट कुणाचं?

भोसरी एमआयडीसीत एका मित्राचं वर्कशॉप आहे. दिवाळीच्या आधी त्याच्या अकाउंटंट बाईंना मेल आला : ‘आमचं बँक खातं बदललंय, या महिन्याचं पेमेंट नव्या खात्यावर करा.’ पुरवठादार नेहमीचा, मेलचा पत्ताही अक्षरन् अक्षर बरोबर. बाईंनी खात्री करायला फोन लावला म्हणून पैसे वाचले. असा मेल तिकडून गेलाच नव्हता.

“त्यांचा पासवर्ड फुटला असणार,” मित्र म्हणाला. त्याची गरजच नसते. मेल पोहोचवण्याचे एसएमटीपी नावाचे नियम १९८२ चे. पाठवणारा स्वतःचं नाव खरं सांगतोय का, हे तपासायची सोय त्यात नव्हती. शिवाय मेलवर पाठवणाऱ्याचे पत्ते दोन असतात. एक पाकिटावरचा, तो सर्व्हर बघतात. दुसरा आतल्या लेटरहेडवरचा, तो आपल्याला दिसतो. दोन्ही सारखे असलेच पाहिजेत असं बंधन नाही. सगळी मेख इथेच आहे.

यावर पुढे उपाय निघाले. त्यातल्या एसपीएफमध्ये कंपनी डीएनएसवर, म्हणजे इंटरनेटच्या जाहीर पत्तेवहीत, आपल्या वतीने मेल पाठवणाऱ्या सर्व्हरची यादी लावते. पण तपासलं जातं ते पाकीट. ठग पाकिटावर स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग, टाकतो, लेटरहेड तुमचं छापतो आणि पास होतो! दुसरा उपाय डीकेआयएम, तो मेलवर डिजिटल सही करतो. सही केलेल्या मजकुरातला शब्द बदलला की ती जुळत नाही. पण ठगही आपल्या डोमेनची सही करू शकतोच की.

ही फट २०१२ मध्ये आलेल्या डीमार्क या तिसऱ्या उपायाने बुजवली. नुसतं पास होऊन भागत नाही. जे डोमेन पास झालं, तेच लेटरहेडवरही हवं. नसेल तर काय करायचं, हे कंपनीने त्याच पत्तेवहीत आधीच सांगून ठेवायचं : ‘रिजेक्ट’ म्हणजे परत पाठवा, ‘क्वारंटाइन’ म्हणजे स्पॅममध्ये टाका, ‘नन’ म्हणजे काहीच करू नका, फक्त कळवा.

ही नोंद कुणालाही बघता येते. आम्ही त्या पुरवठादाराची काढली, तर ‘नन’. सोसायटीच्या गेटवर वॉचमन रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतो आणि येईल त्याला आत सोडतो, तसलं. २०२४ पासून ढिगाने मेल पाठवणाऱ्यांना (गूगलच्या लेखी रोज पाच हजारांवर) गूगल आणि याहूने डीमार्क सक्तीचं केलं, पण त्यांनाही ‘नन’ चालतं.

अर्थात आर आणि एन चिकटवून एमसारखं दिसणारं डोमेन कुणी विकत घेतलं, तर डीमार्क काही करू शकत नाही. तिथे बाईंचा फोनच कामाला येतो.

पुरवठादाराला ‘रिजेक्ट’ सुचवलं, तर त्यांचा आयटीवाला घाबरला : आपलीच बिलं अडकली तर? रास्त भीती. म्हणून महिनाभर आधी डीमार्कचे रोजचे रिपोर्ट वाचले. त्यात मेल पाठवणारे चार सर्व्हर निघाले. ऑफिसचा, बिलिंगचा, पगारपत्रकांचा. चौथा कुणालाच ओळखू येईना. दोन दिवस शोधाशोध झाली. एचआरने दिवाळीच्या शुभेच्छांसाठी घेतलेलं सॉफ्टवेअर होतं ते.